माया सोडून शिवावे

माणसाने कपडे घरी का शिवावेत, असा प्रश्न आमच्या आजीला कोणी विचारला असता, तर तिने विचारणाऱ्याकडे नवलाने पाहिले असते. जेवण घरी का शिजवावे, असे कोणी विचारते काय? परंतु आज हा प्रश्न विचारण्याजोगा झाला आहे खरा. शहापूरच्या खडेबाजारातून एक फेरी मारली की तयार कपड्यांच्या राशी दृष्टीस पडतात. लहान मुलीचा झगा तेथे जेवढ्या पैशांत मिळतो, तेवढ्यात पुष्कळदा त्याचे कापडदेखील येत नाही. मग दोरा, अस्तर, बटणे आणि दोन दुपारची मेहनत यांचा हिशोब वेगळाच. आणि तरीही खासबागच्या गल्ल्यांतून दुपारी तीन-चारच्या सुमारास चालत गेल्यास कुठल्या ना कुठल्या सोप्यातून शिवणयंत्राचा आवाज कानी पडतोच. हिशोबात न बसणारी ही गोष्ट माणसे इतक्या आवडीने का करतात, याचा थोडा विचार विद्यार्थिमित्रांच्या संगतीने करावा, असे आमच्या मनात आहे.

शहापूर, वडगाव आणि खासबाग हे बेळगावचे विणकरांचे भाग. येथील मागांवर निघालेल्या साड्या दूरदूरच्या बाजारांत जातात. बहुतेक ठिकाणी हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली असून त्याचा खटखटाट आमच्या कानांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, वीज गेल्यावर जी शांतता पसरते तिनेच आम्ही दचकतो. या मोठ्या आवाजाचे आणि सोप्यातील त्या लहान आवाजाचे नाते मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाण्याचा आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. शिवणयंत्राच्या पोटातही एक चिमुकला धोटाच असतो. इंग्रजीत दोघांनाही 'शटल' हेच नाव आहे. हातसुईचे छिद्र मागच्या बाजूस असते, यंत्राच्या सुईचे मात्र टोकाशी. ती वरचा दोरा घेऊन कापडाखाली उतरते, तेथे दोऱ्याचे एक वेटोळे तयार होते, शटलचे टोक ते वेटोळे पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते आणि सुई वर येताच दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकून बसतात. हीच ती टीप. एकाच दोऱ्याने ती कधी बसत नाही, एवढे येथे लक्षात ठेवावे.

या यंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट मिळविले आणि पॅरिसमधील कारखान्यात सैनिकांचे गणवेश त्यावर शिवले जाऊ लागले. आता आपल्या पोटावर पाय येणार, या भयाने १८३१ साली तेथील शिंप्यांनी कारखान्यात शिरून ती यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत इलायस हौ याने १८४६ साली टोकाशी छिद्र असलेली सुई आणि शटल यांच्या यंत्राचे पेटंट घेतले, व १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या यंत्राचे. कारखान्यात ज्या यंत्राचे माणसाला भय वाटले, तेच यंत्र घरात आले तेव्हा मात्र त्याचे स्वागत झाले. आपल्याकडे तर दसऱ्याला त्याला फुले वाहून हळदकुंकू लावतात.

यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही शिवणयंत्राला अपवाद केले होते. १९२४ च्या नोव्हेंबरात 'यंग इंडिया'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या यंत्राची गणना मोजक्या उपयुक्त शोधांत केली, आणि पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने ते बनविले, अशी कथाही सांगितली. योगायोग असा की, पुढच्याच महिन्यात, २६ व २७ डिसेंबर १९२४ या दिवशी, राष्ट्रसभेचे अधिवेशन आमच्या बेळगावात भरले. गांधीजींनी ज्याचे अध्यक्षस्थान स्वीकारले असे हे एकच अधिवेशन. सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, या अटीवर तेथे शिक्कामोर्तब झाले. चार आणे वर्गणीऐवजी हातचे काम ही वर्गणी! टिळकवाडीतील काँग्रेस विहीर पाहावयास आपण मुलांना नेतो, तेव्हा पाण्याबरोबर या सुताचीही आठवण त्यांना करून दिली पाहिजे.

असो. आपला मूळ प्रश्न होता, कपडे घरी का शिवावेत हा. त्याचे पहिले उत्तर अर्थातच काटकसर हे होते. आईचे जुने लुगडे विरले की त्याचा मुलीला परकर होई. परकर आखूड झाला की त्याची दुपटी निघत. दुपटी जीर्ण झाली की ती वाकळीच्या पोटात जात. कापड घरातून बाहेर जात नसे, ते फक्त रूप पालटीत असे. ज्या स्त्रीला दुसरा आधार नव्हता, तिला सुईने भाकरीही दिली. पुण्याचे सेवासदन १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले, तेव्हा स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या ज्या विद्या तेथे शिकविल्या जाऊ लागल्या, त्यांत शिवणकाम होते. आजही आमच्या गल्लीत ब्लाउज शिवून आणि साड्यांना पिको-फॉल करून मुलांच्या फिया भरणाऱ्या माता आहेत. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न हौसेचा नसून चुलीचा आहे, हे विसरता कामा नये.

परंतु ज्यांना या मिळकतीची गरज नाही, अशीही माणसे आपल्या घरच्यांसाठी शिवीत बसतात. त्यांचे उत्तर काय? ते उत्तर आमच्या मते 'माप' या दोन अक्षरांत आहे.

तयार कपडा तक्त्यावरून शिवला जातो. आपल्या देशात तर हे तक्ते पुष्कळ काळ इंग्लंड-अमेरिकेतील मापांच्या आधारे चालत आले. भारतीय बांध्याचा स्वतंत्र तक्ता व्हावा, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच 'निफ्ट'ने, सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय यंत्रांनी टिपण्याचा 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. काम मोठे स्तुत्य आहे. तथापि तक्ता कितीही उत्तम झाला, तरी त्यात बसण्याचे काम शेवटी शरीरालाच करावे लागते. घरच्या शिवणात हा क्रम उलटा असतो. तेथे शरीर जसे असेल तसे असते आणि कापडाला त्याच्याप्रमाणे बेतावे लागते.

आमच्या परिचयाच्या एका मुलाचा उजवा हात जन्मतःच कोपराच्या थोडा खाली संपतो. दुकानातील सदऱ्याची बाही त्या हातावरून लोंबत राही. ती दुमडून पिन लावावी लागे, आणि नव्या वर्गात गेल्यावर सर्वांची दृष्टी प्रथम त्या पिनेवर जाई. एके वर्षी त्याच्या मावशीने फीत घेऊन त्याच्या दोन्ही हातांची वेगवेगळी मापे घेतली. उजवी बाही जेथे हात संपतो तेथेच संपविली, तिच्या काठाला डाव्या बाहीसारखीच नेटकी तुरपाई केली, आणि पुढे बटणांच्या जागी एका हाताने लावता येतील अशी टिचबटणे बसविली. तो सदरा घालून मुलगा शाळेत गेला, त्या दिवशी कोणाच्या काहीच ध्यानात आले नाही. मावशींना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तेच तर हवे होते!" एवढे बोलून त्या पुन्हा यंत्रावर बसल्या. हे असे माप कोणत्या तक्त्यात मिळावयाचे?

मापाची आणखी एक गंमत आहे. आपली छाती, कंबर, बाहीची लांबी ही मापे कशीबशी आपली आपल्याला घेता येतात. परंतु पाठीचे माप, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचे, कोणालाही स्वतःचे स्वतः घेता येत नाही. कितीही निष्णात शिवणारी असली तरी तेवढ्यासाठी तिला शेजारणीला हाक मारावी लागते. शिवणारी माणसे एकमेकांना धरून का असतात, याचे एक साधे कारण आम्हांस यात दिसते.

आमच्या शेजारच्या सोप्यात दुपारी जी मंडळी जमतात, त्यांचे पाहा. एक वयस्क अक्का कानडी बोलणाऱ्या, दोन काकू मराठी, एक खाला उर्दू बोलणाऱ्या. आणि सुटीच्या दिवशी आम्ही तेथे जाऊन बसतो, ते कोकणी. मराठीत ज्याला शिवणे म्हणतात त्याला आमच्या कोकणीत 'शिंवप' म्हणतात, आणि खाला 'सिलाई' म्हणतात. तिन्हींचे मूळ संस्कृतातील एकाच धातूत आहे. कानडीत मात्र शिवणीला 'होलिगे' म्हणतात. हा शब्द पुरणपोळीच्या 'होळिगे'शी इतका जवळचा की, नवख्या माणसाला वाटावे येथे रोजच सण आहे. कानडीत दोऱ्याला 'दार' म्हणतात. कोकणातून नव्याने आलेल्या एका सुनेला अक्का म्हणाल्या, 'दार कोडु', आणि ती बिचारी उठून दाराशी जाऊन उभी राहिली! तो दिवस सारा सोपा हसत होता. आता त्या सुनेला कानडी उत्तम समजते. सुई मात्र सर्वांची एकच. मराठीतील सुई काय किंवा कानडीतील सूजि काय, दोन्ही संस्कृत 'सूची'च्या लेकी.

या सोप्यात पत्र्याचा एक जुना डबा आहे. त्यात प्रत्येकीने टाकलेली सुटी बटणे, लेसचे उरलेले तुकडे, हुक, नाड्या असे नाना जिन्नस असतात. ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावे, आणि आपल्याकडचे उरलेले त्यात टाकावे. गळ्याची बेतणी जुन्या वर्तमानपत्रावर कापलेली असते, आणि ती या घरातून त्या घरात फिरता फिरता कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. अक्कांना गुळेदगुड्डच्या खणाची चोळी तुकडाही वाया न घालविता बेतता येते. खालांची काजे अशी की घासून पाहिली तरी दोरा निघणार नाही. काकूंचा हात वाकळ घालण्यात बसलेला. शिकविण्याची फी कोणी घेत नाही. गल्लीत कोणाकडे पाळणा हलावयाचा असला की बाळंतविड्याची तयारी आपोआप सुरू होते. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, सारे मऊ जुन्या सुती कापडाचे. आणि कोणत्या घरच्या जुन्या साडीत कोणाचे बाळ निजले, याचा हिशोब कोणीही ठेवीत नाही.

आम्ही ज्याला वाकळ किंवा गोधडी म्हणतो तिला कानडीत 'कौदी' म्हणतात. तिचीच एक सुंदर बहीण येथून फार दूर नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि त्यांतील पुष्कळ जण पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून घाटावर आले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे रंगीबेरंगी तुकडे जोडून जी गोधडी करतात तिला 'कवंदी' म्हणतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने फिरत, धावदोऱ्याने मध्यापर्यंत यावयाचे, ही तिची रीत. आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकड्यांची 'फुले' बसविल्याखेरीज त्या कवंदीला पुरी झाली असे मानीत नाहीत. हे सिद्दी लोक घरी कोकणीचीच एक बोली बोलतात. आपल्या मातृभाषेतील 'फूल' हा शब्द एका गोधडीच्या कोपऱ्यावर बसलेला आहे, हे आम्हांस कळले तेव्हा झालेला आनंद सांगून समजण्यासारखा नाही. फुलांविना गोधडीने थंडी काही कमी भागत नाही. तरीही ज्यांच्या घरी चैनीला जागा नव्हती अशा स्त्रियांनी ती आवश्यक मानली. नुसत्या काटकसरीने घरचे शिवण टिकले नाही, याचा याहून चांगला पुरावा आम्ही कोणता द्यावा?

आणि अडीअडचणीच्या वेळी ही मंडळी काय करू शकतात, तेही आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२० साली करोनाची साथ आली, बाजार बंद झाले, मागही थांबले. त्या एप्रिलात केंद्र सरकारने लोकांना घरी तयार केलेले कापडी मुखपट्टे वापरण्याचा सल्ला दिला. मागांचा आवाज बंद असलेल्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत शिवणयंत्रे मात्र चालू होती. जुन्या सुती साड्या धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, त्यांचे मुखपट्टे शिवले गेले आणि दारोदार पोहोचविले गेले. सोप्यात एकत्र बसण्याची सोय नव्हती. तेव्हा एक घर कापी, दुसरे टीप मारी, तिसरे नाड्या लावी, आणि गठ्ठा उंबऱ्यावर ठेवून हाक मारून सर्व जण दूर होत. ही जुळणी कोणी मुद्दाम केली नव्हती. ती डब्यातल्या बटणांनी आधीच करून ठेवली होती.

आता थोडे आमच्या विद्यार्थ्यांविषयी. पूर्वी पुष्कळ शाळांत शिवणाचा तास असे, पण तो मुलींपुरता. मुले त्या वेळी बागकामाला किंवा सुतारकामाला जात. सुई ही मुलींची वस्तू, ही समजूत कोठून निघाली कोण जाणे! ज्या नामदेवांची पदे शीख बांधव 'गुरुग्रंथसाहिबा'त भक्तीने वाचतात, ते आमचे नामदेव शिंपी होते. कानडी वचनकारांत ज्यांना आद्यांपैकी एक मानतात, ते जेडर दासिमय्या विणकर होते. मराठी मुलाला आणि कानडी मुलाला सुईदोऱ्याची लाज वाटण्याचे कारण त्यांच्या संतांनी तरी ठेवलेले नाही. आणि आमच्या खासबागच्या मुलांना तर ती मुळीच वाटू नये. ज्या गल्लीत रात्रंदिवस कापड विणले जाते, तेथील दहावीच्या मुलाने तुटलेले बटण घेऊन आईची वाट पाहत बसावे, हे आम्हांस शोभत नाही.

माग चालविणाऱ्या घरांतील मुले पुढे काय करतील, हे आज सांगता येणार नाही. सुताचे भाव चढतात, साडीचे पडतात, आणि कित्येक घरांतील तरुण दुसऱ्या कामाच्या शोधात बाहेर पडतात. त्यांनी माग सोडू नये, असा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु कापडाची जाण ही एकदा हातातून गेली की पैसे देऊन परत मिळत नाही. उभा धागा कोणता, आडवा कोणता, तिरपे कापलेले कापड ताणल्यावर का लांबते, धुतल्यावर सुती कापड किती आटते, हे ज्याच्या बोटांना कळते, तो पुढे कोठेही गेला तरी त्याला बाजारात कोणी सहज फसवू शकणार नाही. ही विद्या विणकराच्या सोप्यात फुकट मिळते. ती घेण्यासाठी बसावे मात्र लागते.

शिवणाऱ्यांच्या बोलीत एक शब्द आहे, तो सांगून हा लेख आम्ही पुरा करतो. कपडा शिवताना टिपेच्या बाहेर जे जास्तीचे कापड आत दुमडून ठेवतात, त्याला 'माया' म्हणतात. तयार कपड्यात ती अगदी बेताची असते. हजारो नग काढावयाचे असले की प्रत्येकात बोटभर कापड वाचविणे कारखानदाराला भागच असते, त्यात त्याचा दोष नाही. घरी शिवणारी आई मात्र बाजूच्या शिवणीत आणि खालच्या घोळात सढळ हाताने माया सोडते, कारण तिला ठाऊक असते की हे मूल वाढणार आहे. तिसरीतला झगा पाचवीत आखूड होऊ लागला की घोळ उसवावयाचा, शिवण थोडी सोडावयाची, आणि त्याच झग्याने आणखी एक वर्ष काढावयाचे. ही माया बाहेरून कोणाला दिसत नाही. कपडा उलटा करून पाहिला तरच दिसते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, या उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या घरचा एखादा जुना कपडा उलटा करून अवश्य पाहा. त्यात किती माया ठेवली होती आणि ती किती वेळा सोडली, हे उसवलेल्या टिपेच्या खुणांवरून तुम्हांला मोजता येईल. मग शेजारच्या अक्का, काकू किंवा खाला यांच्याकडे जाऊन सुईत दोरा ओवून द्या. त्यांच्या डोळ्यांना ते हल्ली कठीण जाते. त्या तुम्हांला बसा म्हणतील. आणि मुलांनीही बसावे, हे आम्ही पुन्हा एकदा सांगतो. निदान एक बटण, एक तुरपाई आणि दुसऱ्याच्या पाठीचे माप एवढे जरी शिकून शाळेत परत आलात, तरी सुटी सार्थकी लागली असे आम्ही समजू.